सामोसला उतरताना

ओ सेब्रेइरो झालं, आल्तो दो पोइओ झालं, आणि मग उतार. स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवरचे ते दिवस एकमेकांत इतके मिसळलेत की कुठला मुक्काम कितवा हे वहीत पाहूनच सांगावं लागेल. धुकं, शेण, घंटा बांधलेल्या गाई.

त्रियाकास्तेलाला वाट फुटते. उजवीकडून, सान शिलमार्गे, सारिया साधारण १८ किलोमीटर. डावीकडून, सामोसमार्गे, २५ च्या आसपास. बहुतेकजण उजवीकडे वळतात. सामोसचा बेनेडिक्टपंथी साधूंचा मठ बघायचा असेल तर डावीकडे वळावं आणि सामोसलाच मुक्काम धरावा. घाईत ओवऱ्यांना नुसता वळसा होतो. सुरुवातीचे तीन-चार किलोमीटर डांबरी रस्त्याच्या कडेने जातात, मोटारी अंगाला घासून पळतात आणि तोंडात नामाऐवजी शिव्या येतात. सान क्रिस्तोवोनंतर मात्र ओरिबियो नदीच्या काठाची पाऊलवाट लागते.

दुपारी पाय गेले. चूक माझीच. चढावर बूट थोडे सैल असले तरी चालतं, उतारावर नाही: पाय पुढे घसरतो, बोटं बुटाच्या टोकावर आपटतात, आणि टाचेऐवजी अंगठा आणि करंगळी फुगतात. उतार लागण्याआधी थांबून लेस घोट्यापाशी आवळायची असते. फोडातून दोरा ओवून तो तसाच ठेवायचा, हा उपाय वाटेत जो-तो सांगतो. करू नये, त्या दोऱ्यावरूनच घाण आत जाते. चालणं भागच असेल तर सुई स्पिरिटने पुसून कडेला दोन भोकं पाडावीत, पाणी दाबून काढावं, वरची कातडी तशीच ठेवावी आणि कोरडी पट्टी लावावी. मोजे ओले असतील तर हे सगळं फुकट.

शेवटच्या वळणावर मठ अचानक पायाखाली दिसतो, काळ्या पाटीच्या दगडाची छपरं आणि अवाढव्य चौकोन. हात आपोआप जोडले गेले. पुढच्याच पावलाला अंगठा ठणकला.

मठाच्या यात्रेकरू-निवासात ठरलेलं भाडं नव्हतं, ऐच्छिक दान. यात्रेकरूंच्या पासवर मुक्कामाचा शिक्का मारणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिलं. काही न बोलता आत गेला आणि मिठाच्या कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आला. मी संकोचून पाय मागे घेतले, तर त्याने बोटाने घमेलं दाखवलं आणि पुढच्याचा शिक्का मारायला बसला. संत बेनेडिक्टने साधूंसाठी लिहिलेल्या नियमावलीतल्या ५३ व्या प्रकरणात पाहुण्यांचे पाय धुवावेत असं लिहिलेलं आहे. हा मात्र साधू नव्हता, स्वयंसेवक होता.

मठ मार्गदर्शकासोबतच, ठरावीक वेळीच बघता येतो, आणि आमच्या वेळेला सगळं स्पॅनिशमध्ये होतं. धाकट्या ओवऱ्यांच्या मधोमध जलकन्यांचं कारंजं आहे. छतातल्या एका मधल्या दगडावर कोरलंय, 'के मिरास, बोबो?' म्हणजे काय बघतोस, येड्या? मान वर करून वाचणाऱ्यालाच ही चपराक. थोरल्या ओवऱ्या सतराव्या शतकाच्या अखेरच्या, एकेक बाजू ५४ मीटर. मधल्या बागेत बेनितो फेइखोचा पुतळा. चर्चा-वादांत नाव काढलेला हा विद्वान १६९० मध्ये इथेच दीक्षित झाला.

१९५१ साली मद्यार्काच्या भट्टीतून आग लागली आणि मठाचा मोठा भाग जळाला. वरच्या मजल्यावरची भिंतचित्रं त्यानंतरची; रंग भडक, मला आवडली नाहीत. बाग खालून बघण्यापेक्षा वरच्या सज्जातून बघावी, वाफ्यांची आखणी तिथूनच कळते. पण मार्गदर्शक रेंगाळू देत नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला मोजकेच साधू. त्यांचं संथ गाणं ऐकताना हरिपाठाची आठवण झाली. शेजारचा घोरत होता.

सकाळी नदीकाठच्या सरूच्या चॅपेलला गेलो. पाटीच्या दगडांची, मठातल्या एखाद्या खोलीएवढी वास्तू, साधारण हजार वर्षांची, आणि शेजारी उंच सरू. दार बंद होतं.

सारियाला पोहोचलो तर कोऱ्या बुटांची जत्रा. तिथून सांतियागो शंभरावर किलोमीटर, यात्रेच्या प्रमाणपत्राला पायी चालावं लागतं तेवढं, म्हणून बरेचजण इथूनच सुरू करतात. या टप्प्यात रोज दोन शिक्के लागतात. रांगेत पुढच्या मुलाच्या बुटाची लेस सुटलेली होती. मी त्याला खांद्यावर टकटक करून बोटाने दाखवली.