नव्वद वर्षांचं लाकूड
आज मिशिगनमधल्या जुन्या वाद्यांच्या एका दुकानात १९३०च्या दशकातली गिब्सन कंपनीची एल-०० गिटार मांडीवर घेतली. इथल्याच कलामाझूत घडलेली. महामंदीत गिटारी खपेनात, तेव्हा गिब्सनचा तिथला कारखाना लाकडी खेळणीही बनवत होता. अशा दिवसांतली ही गिटार कुणीतरी किती जिवापाड सांभाळलीय! वरची स्प्रूस लाकडाची फळी मधासारखी पिकलीय, पॉलिशवर केसाएवढ्या भेगा, पण लाकडाला कुठे तडा नाही. मानेवरच्या पहिल्या दोन-तीन फ्रेटमध्ये (धातूच्या पट्ट्यांमधल्या जागेत) मात्र बोटांनी खळगे पाडलेत. म्हणजे तिथेच, सोप्या कॉर्ड्सवर, कुणीतरी वर्षानुवर्षं गात बसलं होतं. आत वाकून पाहिलं तर आजीच्या लाकडी पेटीचा वास! जी कॉर्ड वाजवला. एवढीशी अंगाची, पण आवाज कोरडा, खणखणीत, थेट छातीत. मालक आजोबा म्हणाले, “वाजव अजून.” तासभर उठलेच नाही.