हेअर ट्रान्सप्लांट: एफयूटी, एफयूई की डीएचआय? माझा अनुभव

आमच्यात बाबा, काका सगळ्यांना चाळिशीच्या आत टक्कल, त्यामुळं माझे पुढचे कोपरे आत जायला लागले तेव्हाच पुढं काय होणार ते कळलं होतं. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, लोक म्हणायचे हेल्मेट आणि घामानं केस गेले, पण तसं नसतं ओ, हे आनुवंशिक, डीएचटी नावाच्या हार्मोनमुळं केसांची मुळं बारीक होत जातात. डोक्याच्या मागच्या बाजूच्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून ती काढून पुढं लावली तरी टिकतात, सगळं ट्रान्सप्लांट ह्याच्यावरच उभं आहे.

बेळगाव, कोल्हापूर, हुबळी तिन्हीकडं जाऊन विचारलं. एका ठिकाणी तर डॉक्टर भेटलेच नाहीत, काउन्सिलरच म्हणाली डीएचआय करा, एकदम लेटेस्ट आहे, आज अ‍ॅडव्हान्स भरला तर डिस्काउंट. मला रागच आला, कारण डीएचआयमध्येसुद्धा केस काढतात एफयूईनंच, म्हणजे एकेक मूळ सुटं काढून, फक्त लावताना चोई पेन म्हणजे मूळ टोचून बसवायचं पेनासारखं हत्यार वापरतात, आणि ते पेन कोरियात 1990 च्या दशकातच आलंय. आणि पंच, म्हणजे मूळ काढायचं बारीक गोल पातं, कोण मारणार विचारलं तर म्हणे आमची टीम. 2022 ला डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं सांगितलंय की हे काम सर्जिकल ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरनंच करायचं, युट्यूब बघून शिकलेलं चालत नाही, तरी हे असं चालू आहे.

शेवटी ज्या डॉक्टरांकडं केलं त्यांनी आधी भिंगातून मागची बाजू बघितली, बाबांचा फोटो मागितला, आणि मग समजावलं. एफयूटीमध्ये मागून कातड्याची एक लांब पट्टी कापून काढतात, टाके घालतात आणि मायक्रोस्कोपखाली त्या पट्टीतून एकेक ग्राफ्ट, म्हणजे केसांच्या मुळाचा बारीक पुंजका, वेगळा करतात, मुळं कमी तुटतात आणि एका बैठकीत भरपूर ग्राफ्ट मिळतात, मागचे केस लांब ठेवणाऱ्याला चांगलं, पण आडवा व्रण कायमचा राहतो. एफयूईत 1 मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पंचनं एकेक मूळ काढतात, टाके नाहीत, बारीक ठिपके राहतात, पण मागचं डोकं बहुतेक वेळा भादरावं लागतं आणि जास्त काढले तर मागची बाजूच विरळ दिसते. मी केस बारीक ठेवतो आणि कामावर वजन उचलावं लागतं, टाक्यांवर ताण आला तर व्रण रुंदावतो, म्हणून माझं एफयूईच ठरलं. उगाच कोण म्हणतंय म्हणून पट्टीवाली पद्धत जुनाट समजू नका, माझं काम बसून करायचं असतं आणि केस लांब असते तर मी तीच घेतली असती.

फॉर्म इंग्लिश-कन्नडमध्ये होता, मी म्हटलं डॉक्टर, मराठीत सांगा आणि मगच सही करतो, त्यांनी न कंटाळता एकेक ओळ सांगितली.

त्या दिवशी सगळ्यात त्रास भूल द्यायच्या सुयांचाच, नंतर नुसता मशिनचा आवाज आणि खेचल्यासारखं. मधल्या सुट्टीत त्यांनी थंड सलाइनमधले ग्राफ्ट दाखवले, कुठं एक केस कुठं तीन, खाली पांढरट मऊ गाठ, ती सुकली किंवा चिमटली की ग्राफ्ट गेला. एक केसाचे अगदी पुढच्या रेषेला लावतात आणि दोन-तीन केसांचे मागं, म्हणून रेषा ओढल्यासारखी दिसत नाही.

नंतर डोकं उंच ठेवून झोपायचं, सलाइनचा स्प्रे मारायचा, खपल्या ओरबाडायच्या नाहीत. हेल्मेट नको म्हणून सुपरवायझरना सांगून काही दिवस स्टोअरला बसलो. आणि मग लावलेले केस गळाले! बायको घाबरली, पण हे बहुतेकांचं होतं, दोन ते सहा आठवड्यांत केस गळतात, मूळ आत राहतं, तीन-चार महिन्यांनी नवीन यायला लागतात, पूर्ण दिसायला वर्ष लागतं. माझे आधी कुरळे आले, मग सरळ झाले.

टाळूवर मात्र काही लावलेलं नाही. माझं वय कमी, अजून गळती होणार आणि मागचा साठा एकदाच मिळतो, म्हणून डॉक्टरांनी मागचे ग्राफ्ट राखून ठेवलेत. तोवर फिनास्टराइड आणि मिनॉक्सिडिल ही गळती रोखायची औषधं त्यांच्या सल्ल्यानं चालू आहेत, कारण जे जुने केस उरलेत त्यांना ट्रान्सप्लांट वाचवत नाही. टाळूचं काय करायचं ते गळती थांबली की बघणार.