काही विचारायचंय?

मुलाखत संपत आल्याची एक खूण असते. समोरचा माणूस पेनाला टोपण लावतो, तुमचा रेझ्युमे पालथा करून टेबलावर ठेवतो, खुर्चीत मागे रेलतो आणि इतका वेळ कुठं दडवला होता कोण जाणे असा गोडवा आवाजात आणून म्हणतो, ‘सो, एनी क्वेश्चन्स फॉर अस?’

तोवर तासभर आपण उत्तरं देत असतो. स्वतःबद्दल सांगा म्हटलं, सांगितलं. पाच वर्षांनी कुठं असाल, तेही सांगितलं. (हे आमच्या गल्लीतल्या जोशीबुवांना पत्रिका पाहूनही सांगता आलं नव्हतं.) तुमच्यातला दोष सांगा म्हटल्यावर ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ हा महाराष्ट्रातल्या अर्ध्या इंजिनिअरांना एकदमच जडलेला दोष सांगून झाला. आणि आता विचारायची पाळी आपली.

मनात प्रश्न असतात की! झालं का माझं? पगार किती देणार? बाहेर एवढे बसलेत, त्यातले घेणार किती? ‘कळवू’ म्हणता ते खरंच कळवता का? पण यातला एकही विचारायचा नसतो. विचारायचं असतं ते ‘ग्रोथ अपॉर्च्युनिटी’बद्दल.

माझी पहिली मुलाखत २००९ची. मंदीचं वर्ष. कॅम्पसला येतो म्हणालेल्या कंपन्या आल्याच नाहीत, आणि वरच्या बॅचची पोरं ऑफर लेटर हातात धरून जॉइनिंगच्या तारखेची वाट बघत घरी बसलेली. अशात हिंजवडीच्या एका बड्या कंपनीत शनिवारी ऑफ-कॅम्पस ड्राइव्ह, म्हणजे कुठल्याही कॉलेजच्या पोरांसाठी खुली भरती, असल्याचं कळलं. ‘साठ टक्के थ्रूआउट, नो बॅकलॉग.’ दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ, आणि एकही विषय राहिलेला नको. मला बारावीला एकसष्ट होते. त्या एका टक्क्याचे उपकार मी अजून फेडतो आहे.

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सोलापूर सोडलं. ही गाडी पुण्यात अशा वेळी आणून टाकते की झोपायला उशीर झालेला असतो आणि उठायला फार लवकर. स्टेशनवर उजाडेपर्यंत बसलो. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात चुलतभावाचे बूट, अर्धा नंबर मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. मांडीवर फाइल. आईनं पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती. चटणीची पुडी कधी फुटली ते कळलं नाही. सकाळी बघतो तर दहावीच्या मार्कलिस्टच्या झेरॉक्सवर बरोबर गणिताच्या गुणांशेजारी तेलाचा गोल डाग.

गेटवर रांग. सिक्युरिटीवाल्यानं कॅमेऱ्याचे मोबाइल जमा करून घेतले. माझ्या मोबाइलला कॅमेरा नव्हता, तरी त्यानं तो उलटसुलट करून असा पाहिला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग ॲप्टिट्यूडची परीक्षा. ‘१२० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाते, तर खांब ओलांडायला तिला किती सेकंद लागतील?’ आठ. पेपरातल्या गाड्यांना दौंडला सिग्नल लागत नाही, त्यामुळे हा प्रश्न फार सोपा असतो.

संध्याकाळी साडेचारला माझं नाव पुकारलं. सकाळपासून मी पाणी प्यालो नव्हतो. रांग सोडून बाथरूमला गेलो आणि नेमकं तेव्हाच नाव आलं तर काय, या भीतीनं. आत सगळं ठीक झालं. मार्कलिस्टवरचा डाग पाहून त्या साहेबांनी नाकाशी कागद नेल्यासारखं मला वाटलं, पण बोलले काही नाहीत. शेवटी टोपण लावलं, मागे रेलले, म्हणाले, ‘एनी क्वेश्चन्स?’ पाठ केलेला प्रश्न होता माझ्याकडे, पण तोंडातून निघालं, ‘सर, पाणी मिळेल?’

ते स्वतः उठले. बाहेर जाऊन कागदी पेल्यात पाणी घेऊन आले. मी उभ्यानंच प्यालो, ‘थँक्यू’ म्हणालो आणि निघालो. त्या कंपनीनं अजूनही काही कळवलेलं नाही. पुढच्या मुलाखतीत मी ‘ग्रोथ अपॉर्च्युनिटी’ विचारली, नोकरी लागली.

नोकरी मागायला आलेल्या माणसाला काय विचारावं, याचा गोंधळ मात्र जुना आहे. १९२१मध्ये थॉमस एडिसननं उमेदवारांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादी केली होती. फ्रान्सच्या सीमेला कोणकोणते देश लागतात, व्होल्गा नदी कुठे आहे, असले प्रश्न. दिवे बनवणाऱ्याला व्होल्गा कशाला, हे विचारायची सोय नव्हती. त्याच वर्षी आइन्स्टाइन अमेरिकेत होता. त्याला कुणीतरी या प्रकारातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न टाकला, तर तो म्हणाला, पुस्तकात सहज सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही. आइन्स्टाइन होता म्हणून खपलं. आमच्या पॅनलसमोर म्हणाला असता तर ‘ॲटिट्यूड’च्या रकान्यात दोन मिळाले असते, दहापैकी.

मग कोड्यांचे दिवस आले. मॅनहोलचं झाकण गोलच का, हा मायक्रोसॉफ्टमुळे गाजलेला प्रश्न आमच्या पिढीनं आरतीसारखा पाठ केला. कसंही फिरवलं तरी गोल झाकण भोकातून आत पडत नाही, हे उत्तर. एकही झाकण न उचलता आम्ही ते शेकडो वेळा दिलं. पुढे २०१३मध्ये गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी जाहीर सांगून टाकलं की ही कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यानं फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं. वाचून बरं वाटलं. पण पाठांतर झालं होतं त्याचं काय?

हल्ली गोष्टी सांगाव्या लागतात. माझी भाची सध्या यात आहे. ‘एकदा असं झालं की’ म्हणून सुरुवात, मग तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, निकाल काय लागला. ॲमेझॉनची तर सोळा तत्त्वं जाहीर आहेत आणि प्रत्येक तत्त्वाला साजेसा प्रसंग आपल्या आयुष्यातून काढून दाखवायचा. वय वर्षं बावीस, प्रसंग आणणार कुठून? तिच्याकडे एकच दणकट प्रसंग आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला ऐन नाटकात वीज गेली आणि हिनं जनरेटरवाल्याला शोधून आणलं. तो जनरेटर कधी नेतृत्व सिद्ध करतो, कधी काटकसर, कधी ग्राहकनिष्ठा. परवा तर त्यानं ‘मतभेद असूनही निर्णयामागे उभं राहणं’सुद्धा सिद्ध केलं. जनरेटरवाल्याला यातलं काही माहीत नसणार. त्याचे पैसे मिळाले असले म्हणजे झालं.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो. शनिवारच्या ड्राइव्हला दिवसभरात बारा-पंधरा जण होतात. तिसऱ्यापासून चेहरे मिसळायला लागतात, जेवणानंतर तर नावंही. शेवटचा प्रश्न मीही विचारतो आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर ऐकताना फॉर्मवर रेटिंग भरत असतो. एकदाच पेन थांबलं. नांदेडकडचा एक मुलगा, बूट बहुतेक स्वतःचेच होते, म्हणाला, ‘सर, या जागेवर आधी जो होता, तो का गेला?’ माझा मॅनेजर शेजारीच बसला होता. आधीचा माणूस त्याच्यामुळेच गेला होता. मी खोकलो. मॅनेजर म्हणाला, ‘पर्सनल रीझन्स.’ मुलानं मान डोलवली. त्याला घेतलं आम्ही. वर्षभरात तोही पर्सनल रीझन्सनी गेला.

गेल्या आठवड्यात भाचीचा एका कंपनीतला पाचवा राउंड होता, घरूनच, लॅपटॉपवर. वर फॉर्मल शर्ट, खाली घरातला पायजमा. मी नेमका ताईकडे गेलेलो. दार बंद, पंखा बंद, कारण आवाज होतो. डाळ-तांदूळ लावलेला कुकर ताईनं गॅसवरून उतरवून ठेवलेला, कारण शिट्टी ऐकू जाते. आम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत बसलेलो. पाऊण तासाचा राउंड, सव्वा तास झाला तरी दार उघडेना.

शेवटी बाहेर आली. ‘मामा, शेवटी त्यानं विचारलं, काही विचारायचंय का. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, तुम्ही इथं किती वर्षं आहात?’

‘मग?’

‘आठ म्हणाला. मी म्हटलं, कसं वाटतं? मग बोलतच बसला. पंचवीस मिनिटं. मधे एकदा कॅमेरापण बंद केला त्यानं.’

‘आणि तुझं काय?’

‘कळवतो म्हणाला.’

ताईनं कुकर पुन्हा गॅसवर चढवला.