नानी ट्रॅप

शॉवर बंद केला तरी पाणी घोट्याशी होतं. रविवारची दुपार, बाहेर जूनचा पाऊस, घरात सगळे जेवून आडवे झालेले, आणि मी फेसाळ पाण्यात बगळ्यासारखा उभा राहून ते उतरायची वाट बघतोय. तीन आठवडे हे असंच चाललंय. आधी नुसते तळवे भिजायचे, मग बोटं बुडायला लागली. त्यावर मी काय केलं? शॉवर बंद ठेवून बादली घेतली. बादलीनेही तुंबायला लागलं तेव्हा तांबे मोजायला लागलो. जाळी उचलून आत काय अडकलंय ते बघावं, एवढं सोडून सगळं केलं.

त्याला कारण आहे. घरात लांब केसांच्या दोघी, आणि माझं डोकं म्हणजे उन्हाळ्यातला उजाड कातळाचा सडा. गेल्या दहा वर्षांत त्या जाळीत अडकावं असं माझ्याकडून काहीही गेलेलं नाही. तेव्हा ही सफाई माझ्या वाट्याची नाही, असं माझं म्हणणं. बायकोचं म्हणणं, ज्याला पाण्यात उभं राहवत नाही त्याने काढावं. या वादात पाणी आणखी बोटभर चढलं.

आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. देशभर नळ जोडत फिरणारी कितीतरी माणसं त्याच जिल्ह्यातली. जूनच्या मध्यावर त्यांचा रज सण असतो, तो हा कधी चुकवत नाही, आणि इथे गोव्यात, फोंड्यातल्या घराघरात पाणी तुंबायचं ते नेमकं त्याच पंधरवड्यात. फोन केला तर मागे ढोलाचा आवाज. त्यातून तो ओरडून म्हणाला, "सर, पहले नानी ट्रॅप खोलो!"

नानी ट्रॅप. हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मला वाटलं होतं, कुणाच्या तरी नानीला पकडायचा पिंजरा असावा. मग एकदा हार्डवेअरच्या दुकानातल्या बिलावर 'नहाणी ट्रॅप' असं वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. आपली न्हाणी! आणि ट्रॅप म्हणजे तिच्या जाळीखालचं, थोडं पाणी अडवून ठेवणारं वळण. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांत, सरकारी निविदांत हा शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा जाऊन बसलाय. माझ्या आजीच्या तोंडचा शब्द मला केंद्रापाड्याहून, हिंदीत, ढोलाच्या साथीने परत मिळाला. घरी तर आता सगळेच बाथरूम म्हणतात. न्हाणी उरली ती जाळीच्या खाली.

मोरी म्हणायची मात्र आमच्याकडे सोय नाही. माझी वहिनी पुण्याची. लग्न होऊन आली त्याच्या पहिल्याच सोमवारी ती आजीला म्हणाली, "आजी, मोरी तुंबलीय. मी साफ करू का?" आजी लगबगीने उठून आली. "मोरी? मोरी कोणें हाडली गो?" गोव्यात मोरी हा मासा. लहान शार्क. आंबट-तीख करावं तर मोरीचंच, असं छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं आमच्या घरात होती. पण सोमवारी? सोमवारी घरात मोरी आलीय, ती फुगलीय, आणि पुण्याची सून ती साफ करायला पदर खोचून निघालीय, हे काही आजीला झेपेना. वहिनी हाताने न्हाणीकडे दाखवत होती आणि आजी तिकडे जाऊन मासा शोधत होती.

ती सावईवेऱ्यातली न्हाणी. घराच्या मागच्या अंगाला, कायम अंधारी. एका कोपऱ्यात चुलीवर मातीने लिंपून बसवलेलं तांब्याचं भाण, त्याखाली चुडतं आणि नारळाची सोडणं धुमसत असायची. दुसऱ्या कोपऱ्यात भिंतीच्या तळाशी चिऱ्यात कोरलेलं मुठीएवढं भोक. त्यातून पाणी बाहेरच्या पाटात पडायचं आणि पाटातून कुळागरात, म्हणजे घरामागच्या पोफळी-केळींच्या बागेत. आणि पाटाशी खोरं घेऊन आजोबा उभे. पाणी पोफळींना जाणार की केळींना, हे त्यांच्या खोऱ्याच्या एका ओढीवर ठरायचं. घरात कोण न्हातंय हे त्यांना बाहेर उभ्या उभ्या कळायचं. आईचं पाणी बारीक आणि एकसारखं. काकांचं भसाभस, तीन कळशा आणि संपलं. नरकासुर जाळून पहाटे घरी आलेल्या आम्हा पोरांचं पाणी काळंकुट्ट, वर तेलाचे तवंग आणि उटण्याचा वास. ते पाणी आलं की म्हणायचे, "हें केळीक नाका," आणि माडाकडे वळवायचे. माडाला काहीही चालतं, असा त्यांचा विश्वास होता.

मला नाद होता टाचेचा. त्या भोकावर टाच दाबून बसायचं. हळूहळू पाणी चढायचं, कडेला ठेवलेली करवंटी तरंगायला लागायची, शिकेकाईचा गाळ पायाभोवती गोल फिरायचा. हा माझा समुद्र. मिनिटभराने भिंतीपलीकडून हाक यायची, "रे, उदक खंय गेलें?" मी गप्प. मग दुसरी हाक, "पांय काड!" त्यांना ना मी दिसत होतो ना भोक, तरी पाय आहे हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे. टाच उचलली की भस्सकन सगळा समुद्र जायचा आणि पलीकडे खोरं चिऱ्यावर खणकन वाजायचं.

आता माझ्या नळाचं पाणी खांडेपार नदीवरून येतं, ओपाच्या जलप्रकल्पातून, हे मला ठाऊक आहे. नळ तासभर गेला तर ओपाच्या नावाने बोंब मारणाऱ्यांत मीही असतो. अंघोळीचं पाणी पुढे कुठे जातं म्हणाल, तर खालचं चेंबर. त्यापुढचं विचारू नका.

असो. फोन करण्याआधी मी एक घरगुती प्रयोग करून बसलो होतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. व्हिनेगर साधं नव्हे, शेजारच्या बाईंनी रेशादच्या मसाल्यासाठी म्हणून दिलेलं अस्सल माडाचं. सोड्यावर ओतलं तर असा काही फेस आला की मला वाटलं, काम फत्ते. नंतर लक्षात आलं की आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि खाली उरतं मिठासारखं निरुपद्रवी पाणी. केसांना त्याचं काय! बाईंना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांचा हात पुढच्या वर्षी आखडेल.

तर जाळी. स्क्रू गंजलेले, एक निघेना तेव्हा खोबरेल सोडून दहा मिनिटं बसलो. आधी माडाच्या झाडूचा हीर घालून बघितला, तो आतच मोडला. मग हँगरची तार सरळ करून टोकाला आकडा केला. त्या ट्रॅपची गंमत अशी की तो कधीच पूर्ण रिकामा होत नाही. त्याच्या वळणात 50 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटं पाणी कायम थांबून राहतं, आणि तेवढ्यावर खालचा सगळा वास आणि झुरळं अडलेली असतात. मे महिन्यात गावी जाऊन आल्यावर घरात जो वास येतो तो ही तीन बोटं आटल्याचा. तांब्याभर पाणी ओतलं की जातो.

तार फिरवली, ओढली. काहीतरी जड आलं. येतच राहिलं. करडा, बुळबुळीत, हातभर लांब गोळा. साबणाने केस असे काही चिकटले होते की दोरखंडच. त्यात शाम्पूच्या पाकिटाचा फाडलेला कोपरा, साबणाची एक पातळ चकती, मोडलेला हीर आणि वर, अगदी मधोमध, लाल टिकली. गोळा कपाळाला टिकली लावून माझ्याकडे बघत होता. मी पुरावा म्हणून बायकोला उठवून दाखवला. ती झोपेतच म्हणाली, "टिकली धुवून ठेवा," आणि कूस बदलली.

संध्याकाळी पुन्हा अंघोळीला गेलो. गरज नव्हती. शॉवर पूर्ण उघडला. पाणी जाळीपाशी गोल फिरून गटगट आवाज करत जात होतं, फरशी दिसत होती. थोडा वेळ नुसता बघत उभा राहिलो. मग जाळीवर टाच ठेवली. एका टाचेने भागेना, या जाळीला दोन लागतात. दोन्ही जुळवून उभा राहिलो. पाणी बोटांवर आलं, मग हळूहळू घोट्याकडे चढायला लागलं.

"अहो, परत तुंबली का?" बाहेरून आवाज आला.

"नाही गो," म्हटलं आणि बाजूला झालो.