इलेक्ट्रो ३५: रबर, माठ आणि गोदाघाट

माझा याशिका इलेक्ट्रो ३५ हा जुना फिल्म कॅमेरा उघडला, दुरुस्त केला आणि त्यातून काढलेला पहिला अख्खा रोल घरीच धुतला. "पिवळा दिवा लागतो, पण स्लो स्पीड येत नाहीत" (म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहतच नाही) या माझ्या तक्रारीवर ज्यांनी माझ्याबरोबर डोकं चालवलं, त्यांना आधी निकाल सांगतो. बॅटरी नव्हे, सर्किट नव्हे, ते बदनाम रबरच होतं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. याशिकाचा इलेक्ट्रो ३५ बाजारात आला १९६६ मध्ये. माझा जीएसएन, हे १९७३ चं मॉडेल. ४५ मिलिमीटर, एफ १.७ ची लेन्स. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, आपण लावायचं, शटर किती वेळ उघडायचं ते कॅमेरा ठरवतो: ३० सेकंदांपासून सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत. लाल दिवा लागला की प्रकाश जास्त, पिवळा लागला की वेळ एक-तीसांशपेक्षा लांब, म्हणजे ट्रायपॉड काढा. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची अल्कलाइन अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवली की काम भागतं, प्रकाश मोजणारं मीटर फारसं हलत नाही.

या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढल्यावर आतून "टक" असा घट्ट आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतलं रबराचं छोटं पॅड गेलं असं धरून चाला. इतक्या वर्षांत ते विरघळतं, यंत्रणा पूर्ण मागे येत नाही आणि शटरची वेळ बिघडते. इथे नाशिकला मेन रोडमागच्या गल्लीत एक घड्याळजी काका आहेत, कॅमेरे आता फक्त हौसेखातर बघतात. त्यांनी झाकण उचललं, चिमट्याने चाचपलं आणि म्हणाले, "अहो, हे रबर कसलं, काकवी झालीये!" स्पिरिटने सगळा चिकटा काढला, निओप्रीनचा तुकडा कापून बसवला. पहिल्यांदा "टक" ऐकू आलं तेव्हा काकांनी माझ्याकडे न बघताच मान डोलवली. मागच्या दाराच्या खाचांतला फोमही भुगा झाला होता. तिथे काळी लोकर भरली, बिजागरीजवळ मखमलीची पट्टी लावली. प्रकाश आता शिरत नाही.

"फोनने निघतो की फोटो, मग हा उद्योग कशाला?" हे घरातही विचारतात. फिल्मचे दाणे, तो जुना रंग वगैरे उत्तरं मला पटत नाहीत. दाणे तर फोनमधलं अ‍ॅपही देतं. माझ्यापुरतं खरं कारण असं की इथे काय बिघडलं ते शोधता येतं, आणि शोधलं की सापडतं. फोटो काळा आला तर का आला, हे रबरापासून रसायनापर्यंत मागे मागे जाऊन बघता येतं.

आता गोदाघाट. इल्फर्डची एचपी ५ प्लस ही कृष्णधवल फिल्म भरली आणि दिवेलागणीला घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर ट्रायपॉड लावला. पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून अख्खं नाशिक पुराचा अंदाज घेतं. आत्ता मात्र त्याच्या पायाशी लोक चप्पल काढून बसलेले. एफ ८ ला कॅमेरा साधारण आठ सेकंद देत होता. पण इतक्या लांब वेळेला फिल्म ढिली पडते, मीटर सांगतो तेवढा प्रकाश तिला पुरत नाही. इल्फर्डने या फिल्मसाठी दिलेलं सूत्र सोपं आहे: मीटरने दिलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात. दोन सेकंदांचे अडीच होतात, आठाचे पंधरा, तीसाचे थेट शहाऐंशीच्या आसपास. कॅमेऱ्याला हे कुठून कळणार? म्हणून एएसए, म्हणजे फिल्मच्या वेगाचा आकडा, ४०० ऐवजी २०० लावला, की कॅमेरा दुप्पट वेळ देतो. आठाचे सोळा झाले आणि हिशोब जुळला. त्याहून अंधार असेल तर बी वर (दाबून धरू तेवढा वेळ शटर उघडं) टाकून केबल रिलीज, म्हणजे शटरची लवचिक तार, दाबून धरायची आणि आकडे मोजायचे. निगेटिव्हवर मारुती दगडासारखा ठाम, आणि आजूबाजूची गर्दी नुसता धूर. जे तेवढा वेळ हलले नाहीत तेच उमटले, एक फुलवाली आणि एक झोपलेला कुत्रा.

पांडवलेणीला १८ क्रमांकाच्या चैत्यात वेगळी गोष्ट. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, म्हणून पिशवीवर कॅमेरा टेकवला. याचं मीटर लेन्समधून बघत नाही, त्याची खिडकी पुढच्या बाजूला वेगळी आहे. दारातला उजेड तिच्यात शिरला की ते फसतं. दाराकडे पाठ करून स्तूपाकडे तोंड केलं की बरोबर येतं. पिवळा फिल्टर लावणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं: फिल्टर लेन्सवर असतो, मीटरवर नाही, तेव्हा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, हाताने वाढवा. (पायथ्याशी फाळके स्मारक. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१३ च्या पहिल्या चित्रपटाआधी कुंडीतल्या अंकुराची वाढ एकेक फ्रेम करत टिपली होती. माझ्या सोळा सेकंदांचं कौतुक जरा बेतानेच करा.)

धुलाई. मे महिन्यात टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं गरम. डी-७६ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं, हे पुस्तकात ठीक. बर्फ टाकून २० गाठायचा नाद मी सोडला. माठातलं पाणी २४ अंशांवर मिळालं, ते परातीत ओतून त्यातच फिल्म धुवायची डबी, फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी ठेवलं. अंशामागे वेळ साधारण आठ-नऊ टक्के घटते, त्या हिशोबाने पावणेआठ मिनिटं दिली. सगळी पाणी एकाच तापमानाची असणं हे नेमक्या आकड्याहून महत्त्वाचं. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको, पांढरे ठिपके राहतात. गॅरेजवाल्याकडचं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि वेटिंग एजंटचा (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून) थेंब पुरतो. आंघोळीनंतर बाथरूममधली धूळ बसलेली असते, फिल्म तिथेच दोरीला चिमट्याने टांगायची.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात फिल्मवरची चांदी विरघळलेली असते. सराफ बाजाराच्या गावात चांदी गटारात सोडणं शोभत नाही, आणि गटार शेवटी गोदेलाच मिळतं. कॅनमध्ये साठवून स्टील वूल घातलं की लोखंड विरघळतं आणि चांदी गाळ होऊन खाली बसते.

रेंजफाइंडरमधली (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची खिडकी) दुसरी प्रतिमा अजून किंचित खाली दिसते. काकांना वेळ मिळाला की ते काम. दुतोंड्याची तीच चौकट पूर आल्यावर पुन्हा काढायची आहे, २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी उसळण्याआधी. अडचण फिल्मच्या किमतीची. एकेकाळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची "इंदू" मिळायची, आता बहुतेक सगळं बाहेरून येतं आणि रोल हजाराच्या घरात जातो. म्हणून १०० फुटी रोल मागवून वाटून घ्यायचा विचार आहे, ३६ चे अठराएक रोल निघतात. मोठ्या रोलमधून फिल्म भरायचा लोडर माझ्याकडे आहे. फिल्मच्या रिकाम्या डब्या (काडतुसं) ज्याची त्याने आणावीत, आणि गंगापूर रोडवाल्यांनी पावसाआधी कळवावं.