पिशवी काढायला सांगितली होती: माझा अनुभव

उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे, हे आशाताई तीनदा सांगून गेल्या. मी टाळत होते. त्रास काहीच नव्हता, मग उगाच टेबलावर कशाला झोपायचं? शेवटी सासूबाई म्हणाल्या, "जा गं, दोन मिनिटांचं काम. आम्ही नाही का गेलो?" त्या कुठे गेल्या होत्या, हे तेव्हा मी विचारलंही नाही.

काम खरंच दोन मिनिटांचं होतं. सिस्टरनी आतलं दिसावं म्हणून स्पेक्युलम नावाचं साधन घातलं, टॉर्च धरला आणि कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला काहीतरी लावलं. चायनीजच्या गाडीवर येतो तसा आंबूस वास आला. ते ॲसिटिक ॲसिड, पाच टक्क्यांचं. मग घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबायचं. पेशींत बदल झालेले असतील तर तेवढा भाग पांढरा पडतो. माझा पडला.

"घाबरू नका," सिस्टर म्हणाल्या, "पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर नाही. जंतुसंसर्ग असला तरी दिसतं. पण पुढची तपासणी करून घ्या." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

घाबरायची ती घाबरलेच. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, सोनोग्राफी केली. "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? काढून टाकू, कटकट मिटेल." पुढच्या आठवड्याची तारीखसुद्धा दिली. माझं वय तेव्हा 38. पिशवीच्या तोंडावरचे असे सुरुवातीचे बदल सोनोग्राफीत दिसतच नाहीत, हे मला नंतर कळलं. आमच्या मोठ्या जाऊबाईंची पिशवी अशीच काढली, अंगावरून पांढरं जातं एवढ्यावरून. कंबर तेव्हापासून धरली ती आजपर्यंत, आणि तपासणीचा एक कागद त्यांच्याकडे नाही. गावात अशा किती बायका आहेत! मला याचा फार राग येतो.

रात्री सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "आधी बार्शीला दाखवा. तिथली माणसं घाई करत नाहीत." तेव्हा सगळं निघालं. 1999 पासून पुढची तीन-चार वर्षं आमच्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर एक मोठा अभ्यास केला. 497 गावं, 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका. काही गावांत एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची तपासणी, काहींत पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासणं, काहींत हीच ॲसिटिक ॲसिडची, आणि काही गावांत फक्त माहिती. सासूबाई त्यात होत्या. त्यांच्या गावाच्या वाट्याला कुठली तपासणी आली, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

बार्शीला कॉल्पोस्कोपी झाली. म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघतात. पुन्हा ॲसिड, मग आयोडीन. चांगला भाग गर्द तपकिरी होतो, बिघडलेला पिवळट राहतो. मॅडमनी मला स्क्रीनवर दाखवलं: तपकिरीत हरभऱ्याएवढा पिवळा डाग. तिथला छोटा तुकडा चिमट्यानं घेतला. पाळीत येते तशी एक कळ आली, बस्स.

रिपोर्टची वाट बघणं मात्र फार जड गेलं. पोळ्या करताना हात थांबायचा. मुलीची वेणी घालताना डोळे भरून यायचे.

रिपोर्ट आला: सीआयएन 2. मॅडमनी नीट बसवून सांगितलं. हा कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. कधी आपोआप मागे फिरते, आणि पुढे गेली तरी बहुधा त्याला वर्षानुवर्षं लागतात. पिशवी काढायची गरज नाही, तेवढा भाग जाळला की झालं. गरम केलेली धातूची छोटी कांडी, शंभर अंशांची, काही सेकंद टेकवली. ॲडमिट व्हावं लागलं नाही, दुपारच्या एसटीनं घरी. नंतर दोन-तीन आठवडे अंगावरून पाण्यासारखं जात होतं आणि महिनाभर संबंध टाळायला सांगितले होते. ह्यांनी ते न कुरकुरता पाळलं, पाण्याच्या घागरीही उचलू दिल्या नाहीत.

वर्षानं परत तपासलं. डाग नाही.

त्या अभ्यासाचा निकाल 2009 साली प्रसिद्ध झाला होता, तो मी नंतर मुद्दाम समजून घेतला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं 34 बायका गेल्या, नुसती माहिती मिळालेल्या गटात 64. गट साधारण सारखेच, तीस-चौतीस हजारांचे. माझं माहेरही याच जिल्ह्यातलं. माझी एक चुलती त्याच काळात "अंगावरून जातंय" म्हणत म्हणत गेली. कशानं गेली, हे घरात कुणी कधी विचारलं नाही. तो 64 आकडा वाचला आणि मला तिचा चेहरा आठवला.

मुलगी अकरा वर्षांची झाल्यावर तिला एचपीव्हीची लस दिली, सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. पंचमीला नणंद आली होती, 35 वर्षांची. तिला घेऊन मी उपकेंद्रात गेले. तिच्या तपासणीत काही निघालं नाही. आता मोठ्या जाऊबाईंना घेऊन जायचंय. पिशवी काढली असली तरी तोंडाचा भाग राहिलाय का, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.