तुम्ही विचारलंत म्हणून: तांब्याचं पेटंट का नाही घेतलं?

माझ्या भांड्यांच्या स्टॉलवर आलेलं माणूस आधी तांब्या उचलतं. कललेल्या मानेवरून बोट फिरवतं, वरचं फुलपात्र काढून परत बसवून बघतं आणि मग विचारतं, "अहो, अगदी असाच ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतो की! तुम्ही वेळेवर पेटंट का नाही घेतलंत?" नातेवाईक विचारतात, कॉलेजात बोलायला जाते तिथली मुलं विचारतात. इतकी वर्षं मी "राहून गेलं" म्हणून विषय बदलत आले. ते खरं नव्हतं, म्हणून आज सगळं सांगते.

पेटंटचा इथे संबंधच येत नाही. पेटंट नव्या युक्तीला मिळतं आणि माझ्या तांब्यात युक्ती काही नाही. कुठल्याही तांब्यात राहतं तसं त्यात पाणी राहतं. वेगळा आहे तो घाट. मान एका अंगाला कललेली, आणि मठारकामाचे, म्हणजे हातोडीचे, ठोके सगळ्या अंगभर न घेता मानेपासून पोटापर्यंत एका तिरक्या पट्ट्यात उतरवलेले. डोळ्यांना दिसणाऱ्या अशा रूपासाठी आपल्याकडे डिझाइन कायदा, २००० आहे. वस्तू यंत्रावरच व्हायला हवी असं तो म्हणत नाही, हातानं घडवलेलीही चालते. नोंदणी झाली की १० वर्षं हक्क, मुदतवाढ घेतली तर आणखी ५. एकट्या माणसाला अर्जाची फी १,००० रुपये.

आणि ही नोंदणी मी केली होती. वर्ग ७, घरगुती वस्तू. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून काढलेले फोटो आणि नावीन्य नेमकं कशात आहे याचं विधान. कोलकात्याच्या डिझाइन विभागाकडून फोटोंबद्दल एक आक्षेप आला, तो दुरुस्त करून पाठवला. काही महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. ते फ्रेम करून मी पुण्याच्या तांबट आळीत काकांच्या दुकानात लावलं. काका म्हणजे माझे तांबे घडवणारे कारागीर.

दीडएक वर्षानं एका मैत्रिणीनं लिंक पाठवली. तोच कल, तोच पट्टा. फक्त ठोके मशीनचे, एकसारखे. मी वकीलबाई गाठल्या, नोटीस पाठवली आणि आता समोरचा घाबरेल म्हणून निर्धास्त झाले.

तीन आठवड्यांनी वकीलबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. उत्तर आलं होतं. एक शब्द न बोलता त्यांनी शेवटचं पान उलटून माझ्यासमोर सरकवलं. माझ्याच पेजवरचा फोटो होता. काकांच्या दुकानाच्या पायरीवर ठेवलेला तांब्या, त्यावर सकाळचं तिरकं ऊन, मागे भिंतीवर काकांच्या हाताची सावली. खाली माझंच वाक्य: "आमचा नवा तांब्या. दिवाळीच्या प्रदर्शनात भेटूया." तारीख घटस्थापनेची. माझा अर्ज त्यानंतरच्या फेब्रुवारीतला.

"हा तुम्हीच टाकला होतात?"

"हो."

"प्रदर्शनात विकले गेले?"

"तेवीस नग." हे सांगताना माझ्या आवाजात अजून थोडा अभिमान होता. तो आठवला की आजही पोटात कालवतं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, अर्जाच्या तारखेआधी डिझाइन लोकांसमोर आलं, भारतात किंवा जगात कुठेही, की कायद्याच्या दृष्टीनं ते नवं उरत नाही. कुणी आणलं हे बघत नाहीत. तुम्ही स्वतः आणलंत तरी तेच."

मी भांडले. त्यांच्याशी भांडून काय होणार होतं, तरी भांडले. वस्तू माझी, फोटो माझा, मग माझ्याच हक्काच्या आड मीच कशी येते? फोटो नकलेच्या आधीचा आहे, म्हणजे तो माझ्या बाजूचा पुरावा व्हायला हवा! त्यांनी शांतपणे कलम ४ वाचून दाखवलं, मग १९. नोंदणी झाल्यानंतर केव्हाही, हितसंबंध असलेल्या कुणालाही ती रद्द करून मागता येते. मग २२. मी दावा लावला तर समोरचा हेच कारण बचाव म्हणून पुढे करणार, आणि तसं केलं की दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयातून थेट मुंबईला उच्च न्यायालयात जाणार. काहीही मागितलं तरी हाच रस्ता. एकतर नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम मागायचा. नाहीतर कायद्यात ठरलेली रक्कम, एका नकलेमागे जास्तीत जास्त २५,०००, आणि एका डिझाइनमागे सगळी मिळून ५०,००० च्या वर नाही.

त्या बोलत होत्या आणि मी त्या सावलीकडे बघत होते. त्या पायरीवर ऊन जेमतेम पंधरा मिनिटं येतं. ते गाठायला मी तीन दिवस लागोपाठ पहाटे आळीत गेले होते. एवढ्या कष्टानं काढलेला फोटो आता दुसऱ्या कुणाच्या तरी वकिलानं छापून, त्यावर लाल गोल करून मला परत पाठवला होता.

इतर दारंही ठोठावून पाहिली. कॉपीराइट? नोंदणी झालेल्या डिझाइनला तो मिळत नाही. नोंदणी नसती तरी, मालकानं ५० हून जास्त नग काढले की संपतो, आणि माझे तोवर काहीशे झाले होते. पासिंग ऑफ, म्हणजे आपला माल माझा म्हणून खपवल्याचा दावा? त्यासाठी हा घाट दिसला की लोक माझंच नाव घेतात हे सिद्ध करावं लागतं. तेवढं नाव माझं नव्हतं. दावा लावला नाही. म्हणून माझी नोंदणी रद्द करायलाही कुणी गेलं नाही. नोंदवहीत ती आजही आहे आणि मला तिचा काही उपयोग नाही.

"आधी नीट वाचायला नको का?" हे ऐकवणारे खूप भेटले. त्यांना मी दर वेळी सांगते की कामाचं शिक्षण घेताना आम्हाला उलटं शिकवलं होतं: दाखवा, लोकांच्या हातात द्या, ते काय म्हणतात ते ऐका. त्याच प्रदर्शनात एका आजींनी तांब्या उचलून हलवला आणि म्हणाल्या, "बाळा, रात्री अंधारात हे फुलपात्र खडखडेल, घर जागं होईल." त्यांच्यामुळे मी फुलपात्राची कड बदलली. लपवून ठेवला असता तर तो खडखडणारा तांब्याच नोंदवून बसले असते. अमेरिका, युरोप, जपान इथे स्वतः उघड केलेल्या डिझाइनला अर्जासाठी वर्षभराची सवलत आहे. आपल्याकडे प्रदर्शनाची सवलत आहे, पण केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, तीही आधी डिझाइन नोंदवणाऱ्या नियंत्रकांना कळवून आणि सहा महिन्यांत अर्ज करून. मंगल कार्यालयातलं दिवाळी प्रदर्शन त्यात कसं बसणार? नियम मोठ्या कारखान्यांच्या सोयीचा आहे असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

पण पूर्ण खरं सांगायचं तर ते वाक्य मी वाचलं होतं. अर्ज भरताना, फेब्रुवारीत. "आधी प्रकाशित झालेलं नसावं." वाचून क्षणभर थांबले आणि स्वतःला समजावलं की प्रकाशित म्हणजे छापील, मासिकातलं, दुसऱ्या कुणाचं. आपलं पेज कोण बघतंय? मग पुढच्या रकान्यात गेले. ते वाक्य घटस्थापनेच्या आधी वाचलं असतं तर थांबले असते का? मला नक्की सांगता येत नाही. फोटो फार सुंदर आला होता.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी विचारत नाही. कललेली मान मला सुचलेली नाही. काकांच्या हातून एक नग पडून मान वाकली होती आणि त्यांनी तो मोडीत टाकायला बाजूला ठेवला होता. मी तो उचलला. "हाच घाट करूया," मी म्हटलं. काका हसले, पण वाकडेपणा तोलून धरायला पोट कुठे भरायचं, ते त्यांनीच शोधलं. अर्जावर एकटीचं नाव घातलं. पैसे देऊन करून घेणारा मालक, असं कायदा म्हणतो. म्हणजे कागदावर मी चुकले नाही. नकलेची लिंक दाखवली तेव्हा काका चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. "ठोके बघा कसे मेलेत," एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ताई, आळीत कुणी कुणाचा घाट अडवला नाही." त्या दिवशी मी त्यांच्यावर रागावले. माझे पैसे, माझी रात्रंदिवस मेहनत, आणि हे असं बोलतात! ते पटलेलं नाही, अजूनही नाही. पण भिंतीवरची ती फ्रेम मी उतरवून घरी आणली आहे.

आता नवी कळशी तयार आहे. धोतराच्या कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, अर्जाचा क्रमांक हातात येईपर्यंत एकही फोटो नाही. विश्वासानं, गुप्ततेच्या बोलीवर दाखवली तर हक्क जात नाही, तशी तरतूद कायद्यात आहे. म्हणून वकीलबाईंकडून एक कागद करून घेतला आणि शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या वर्षानुवर्षं माझ्या प्रत्येक भांड्यातली खोट काढत आल्या आहेत.

"कळशी बघायला सही?" काकूंनी कागद दोनदा वाचला, सही केली. कळशी उचलली, कमरेवर घेतली, खाली ठेवली.

"छान आहे," म्हणाल्या, आणि पदर सारखा करून घरी गेल्या.